पेठ रोडचा संरक्षित वाघ

नाशिकच्या पेठ रोडवर, एका बंद पडलेल्या गोदामाच्या कुंपणभिंतीवर, एक वाघ होता. ही बाब नाशिककरांच्या लक्षात आलेली नव्हती. १९९७ सालच्या मे महिन्यातल्या एका रविवारी ती माझ्या लक्षात आली आणि पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

आधी माझी ओळख करून देतो. मी म. ना. गर्गे. एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर माणसाने छंद जोपासावा असं सगळेच सांगतात, म्हणून मी कॅमेरा घेतला. चौकातली कारंजी, रिक्षांच्या पाठीवरची चित्रं, सलूनच्या काचेवरचे नट, पाण्याच्या टाक्यांवरची कमळं, असं जे रोज सगळ्यांना दिसतं पण कोणी पाहत नाही, ते मी पाहायचो आणि त्याचा फोटो काढायचो. प्रत्येक फोटोची वहीत नोंद व्हायची: क्रमांक, दिनांक, स्थळ, शेरा. माझी पत्नी सरिता म्हणायची, "मोरीच्या भिंतीला तीन वर्षं ओल आलीय, ती मात्र तुम्हाला दिसत नाही." पण मोरी खाजगी मालमत्ता होती. माझा विषय सार्वजनिक कला हा होता.

त्या रविवारी माझी सायकल पंक्चर झाली. त्या गोदामाच्या भिंतीला ताडपत्री अडकवून मंगळू नावाचा माणूस तिथे पंक्चर काढायचा. पेठच्या पलीकडच्या डोंगरातला, पन्नाशीचा. बायको लंकाबाई शेजारी पोत्यावर रानभाज्या नाहीतर करवंदं घेऊन बसायची. मंगळूने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि मी मान वर केली, तर समोर वाघ. चार हात लांब, भोपळ्याएवढं डोकं, झुपकेदार मिशा, अंगभर शेंदूर, आणि वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र.

"हे चित्र कोणी काढलं?" मी विचारलं.

"चित्र नाय साहेब, वाघदेव हाय."

"पण काढला कोणी?"

"मीच काढतो. दरसाल वाघबारशीला. जुना पुसायचा, नवा काढायचा. त्याला नवा शेंदूर लागतो, नायतर त्यो आपल्याला वळखत नाय." ट्यूबमधून बुडबुडे आले तिथे त्याने बोट ठेवलं. "आमच्याकडं गुरांमागं वाघ लागाया नको म्हणून दिवाळीच्या आधी त्याला शेंदूर देतो, नारळ देतो. मंग त्यो राखतो."

"अरे, पण नाशकात कुठे आलाय वाघ?"

त्याने हातातला पंप नुसता रस्त्याकडे केला. "त्यो काय, आला." एक ट्रक आमच्यापासून हातभर अंतरावरून धुरळा उडवत गेला. माझी टोपी उडाली. मंगळू म्हणाला, "अकरा वर्सं बसतो हितं. अजून काय झालं नाय."

मी फोटो काढला. कॅमेऱ्यात मेहुण्याने दिलेला, मुदत उलटलेला कृष्णधवल रोल होता. धुवून आणला तेव्हा त्या फोटोवर वाघाच्या पोटापासून शेपटीपर्यंत एक तिरका ओरखडा निघाला. तरी चित्र छान आलं होतं. वहीत नोंद केली: क्रमांक एक्केचाळीस. शेरा: लोककला, उत्तम.

त्यानंतर दर दिवाळीनंतर मी तिथे जाऊ लागलो, रंगीत रोल घेऊन. वाघ दर साली निराळा असायचा. एका वर्षी शेपूट वर गेली. एका वर्षी डोळे ट्रकच्या दिव्यांसारखे वाटोळे आणि पिवळे झाले. मंगळूला नातू झाला त्या वर्षी वाघाच्या पोटाखाली एक छोटा वाघ आला, त्याच्या पायात वाळे होते. मला त्या भिंतीचं वेड लागलं होतं, हे खरं सांगतो. लंकाबाई मला उठून पोतं झटकून द्यायची आणि म्हणायची, "बसा साहेब, देव कुठं पळून नाय जात."

२००२ च्या जानेवारीत आमच्या छायाचित्र मंडळींनी प्रदर्शन भरवलं. माझे सहाही वाघ एका ओळीत लावले होते. पेठ रोडवरून रोज जाणारे कितीतरी लोक आले, वाघापुढे हाताची घडी घालून उभे राहिले आणि कॅमेरा कोणता, भिंग कोणतं, फ्रेम कुठून करून घेतली, अशी चौकशी करून गेले. शेवटच्या दिवशी श्री. सुनील आहेर आले.

आहेरसाहेब 'नगर सौंदर्य संवर्धन मंडळा'चे कार्यकारी सौंदर्य अधिकारी होते. पुढच्या वर्षी सिंहस्थ होता, देशभरातून लोक येणार, त्यांना शहर सुंदर दिसलं पाहिजे असं ठरलं होतं, म्हणून हे मंडळ निघालं होतं. साहेबांचा सौंदर्याचा अनुभव दांडगा होता. आधीची दहा वर्षं ते अतिक्रमणं पाडायचे.

"गर्गेसाहेब," ते म्हणाले, "आमच्या यादीत सार्वजनिक कलाकृती अकरा आहेत. अकराही द्राक्षांचे घड. फायबरचे. निफाडच्या लोकांचा दबाव, दुसरं काय. वरून विचारणा झाली, की शहरात जुनं, अस्सल असं काही नाही का? हा वाघ अस्सल आहे का?"

"अस्सल म्हणजे!" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कोणी अधिकारी मला काही विचारत होता आणि ते लिहून घेत होता.

आठ दिवसांत सर्वेक्षण झालं. दोन कर्मचारी टेप घेऊन आले. तक्त्याची एक प्रत मलाही मिळाली. 'कलाकाराचे नाव' या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं होतं. 'कलाकृतीच्या दर्शनास अडथळे' या रकान्यात विजेचा खांब एक, कुत्रे एक, मंगळू एक, महिला एक, अशी नोंद होती. मी कर्मचाऱ्याला म्हणालो, अहो, हा मंगळूच कलाकार आहे. तो म्हणाला, "साहेब, एका व्यक्तीचं नाव दोन रकान्यांत येत नाही. अडथळ्यात आधीच घेतलंय." एकतीस वर्षं तक्ते भरल्यामुळे मला त्याची अडचण कळली. मी आग्रह धरला नाही.

जूनमध्ये वाघ 'संरक्षित सार्वजनिक कलाकृती क्रमांक एक' म्हणून जाहीर झाला. भिंतीवर निळी पाटी लागली: कलाकृतीस हात लावणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल. मंगळूला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवली. त्याचा चेहरा उजळला. "लय बेस झालं साहेब. पोरं कोळशानं काय बी लिवायची. आता कोणी हात लावणार नाय." लंकाबाईने मला मूठभर जांभळं दिली, पानात बांधून. मंगळूने जुन्या ट्यूब लटकवायला पाटीचा एक खिळा वापरायला सुरुवात केली.

मग वाघबारस आली. मंगळूने पहाटे आंघोळ केली, ओल्या फडक्याने जुना वाघ पुसला आणि नवा काढला. यंदाचा आजवरचा सगळ्यांत देखणा होता. मान मागे वळवलेली, जणू कोणी हाक मारली आहे. मी नेहमीप्रमाणे फोटो काढला आणि मोठ्या हौसेने एक प्रत आहेरसाहेबांना नेऊन दिली.

साहेबांनी फोटो पाहिला. मग फायलीतला जुना फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवले आणि आळीपाळीने दोन्हींवरून बोट फिरवलं.

"गर्गे," शेवटी ते म्हणाले, "मानेची दिशा बदललीय."

"हो ना! सुंदर आलीय की नाही?"

"अहो, संरक्षित कलाकृतीची मान कोणीतरी फिरवलीय आणि तुम्ही सुंदर काय म्हणता?"

दुसऱ्या दिवशी 'अज्ञात कलाकाराच्या कलाकृतीत अज्ञात इसमाने फेरफार केल्याबाबत' चौकशी सुरू झाली. तज्ज्ञ म्हणून मलाच नेमलं. नेमणुकीचं पत्र आलं ते मी सरितेला दोनदा वाचून दाखवलं. मग माझे सातही फोटो टेबलावर मांडून मी कोनमापकाने मोजमापं घेतली. शेपूट अमुक अंश वर, मिशा इतक्या बोटांनी जाड, पोटाखाली एक अनधिकृत पिल्लू. अहवाल नऊ पानांचा झाला. मला तो आवडला. असा नेटका अहवाल मी नोकरीतही लिहिला नव्हता.

फेरफार करणारा कोण, हे मला ठाऊक होतं. मी ते अहवालात लिहिलं, चांगल्या हेतूने लिहिलं. कलाकार आणि तो एकच आहे हे कळलं की प्रकरण मिटेल, असा माझा समज होता. आहेरसाहेब खरोखर आनंदले. "अरे वा! कलाकार सापडला! आणि आरोपीही सापडला. एकाच सुनावणीत दोन्ही विषय घेता येतील."

सुनावणी डिसेंबरात झाली. मंगळू धुतलेलं धोतर नेसून आला होता. खुर्ची दिली तरी बसला नाही. मी शेजारी होतो. त्याला काही समजलं नाही की तो माझ्याकडे बघायचा.

"सदर कलाकृतीत फेरफार कोणी केला?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"सदर कलाकृतीचा कलाकार कोण?"

"मीच की."

"फेरफार करण्यापूर्वी कलाकाराची लेखी संमती घेतली होती?"

मंगळूने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणत्यात साहेब?"

"संमती घेतली होतीस का, विचारतायत."

"कोणाची?"

"तुझी."

"व्हती की. माझी संमती व्हती."

"लेखी?"

"मला लिवता येत नाय, साहेब."

आहेरसाहेब लेखनिकाकडे वळले. "लिहा. संमती तोंडी असल्याचे सांगतो. पुरावा सादर नाही."

मग त्यांनी मला विचारलं, "गर्गेसाहेब, तुम्ही तज्ज्ञ. या सात वाघांपैकी मूळ वाघ कोणता?"

इथे मी थांबतो. कारण उत्तर मला येत होतं. मूळ असा वाघ नाहीच. दर सालचा वाघ त्या सालापुरता खरा, तो पुसला नाही तर त्याचा देव राहत नाही, नुसतं चित्र होतं. पाच वर्षांपूर्वी, ट्यूब घमेल्यात धरून, मंगळूने मला हे सांगितलं होतं. मी ते फक्त बोलायचं होतं. पण साहेबांच्या समोर नव्या पितळी पाटीचा मसुदा पडला होता आणि त्यात 'मूळ कलाकृतीचे छायाचित्र:' याच्यापुढे जागा कोरी होती.

"क्रमांक एक्केचाळीस," मी म्हणालो. "मे १९९७. माझा."

मंगळू माझ्याकडे बघत होता. मी घसा साफ केला.

निर्णय लगेच लागला. कलाकार म्हणून मंगळूचा जाहीर सत्कार करावा. फेरफार करणारा म्हणून त्याला समज द्यावी. आणि अडथळा म्हणून त्यास कलाकृतीसमोरून हटवावे. तिन्ही आदेशांवर एकच तारीख होती. साहेब कर्तव्यदक्ष होते, त्यांनी वेळाही ठरवून दिल्या. सत्कार अकरा वाजता, समज सव्वाअकरा वाजता, हटवणे साडेअकरा वाजता. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं आटोपणार होतं.

सत्काराला भिंतीसमोर मांडव घातला. लाल दोरी लावली. भाषणं झाली. मातीशी नाळ, आदिम जाणिवा, रेषेची ताकद असे शब्द आले आणि मंगळू शाल पांघरून शांत उभा राहिला. नारळ हातात मिळाल्यावर मात्र त्याचा जीव जरा हलका झालेला दिसला. तो वळला आणि सरळ वाघाकडे निघाला. रखवालदाराने दोरीपाशी अडवलं.

"तीन मीटरच्या आत जाता येत नाही, बाबा."

"नारळ फोडायचा हाय. देवाला."

"कलाकृतीला द्रवपदार्थ लागता कामा नये. आदेश आहे."

मंगळू मागे फिरला. माझ्यापाशी आला आणि अगदी हळू विचारलं, "साहेब, मंग ह्यो नारळ मी कुठं फोडू?"

मी त्याच्या शालीची घडी नीट केली.

साडेअकराला ताडपत्री उतरली. लंकाबाईने पंप, घमेलं, पान्हे, ट्यूबची वेटोळी हातगाडीवर चढवली. कोणी मदतीला गेलं नाही, कारण कार्यक्रमपत्रिकेवर अल्पोपाहार होता. वाघाकडे तोंड करून तिने दोरीबाहेरूनच जमिनीला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि दोघं गाडी ढकलत निघून गेले. मी फोटो काढला. नोंद क्रमांक दोनशे बारा. शेरा: भावपूर्ण.

मग वाघ 'मूळ स्थितीत' आणण्याचं काम निघालं. कंत्राटदाराची माणसं चांगली शिकलेली होती. त्यांनी फोटो क्रमांक एक्केचाळीस मोठा करून चौकोन आखले आणि तसाच्या तसा वाघ काढला. म्हणजे राखाडी. शेंदराचा टिपूस नाही. मी म्हणालो, अहो, वाघ शेंदरी होता. कंत्राटदाराने फोटो पुढे केला. "यात कुठंय शेंदरी? तुमचाच फोटो आहे ना?" फोटो माझाच होता. वाघाच्या पोटापासून शेपटीपर्यंत त्यांनी एक तिरकी पांढरी रेघही ओढली होती. तो माझ्या रोलवरचा ओरखडा होता. मी ओळखला. बोललो मात्र नाही, कारण पितळी पाटी तोवर येऊन पडली होती आणि 'गर्गे' शुद्ध आलं होतं.

वर काच बसली, पुढे कठडा आला. सिंहस्थात माणसांची रीघ लागली. मार्गदर्शक सांगायचा, की ही तिरकी रेघ म्हणजे आदिवासी जीवनातली वेदना आहे. काही जणांचे डोळे भरून यायचे. मी एकदा गर्दीत उभा राहून ते ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. पाटीजवळ उभा राहून मग मी स्वतःचाही एक फोटो काढून घेतला. पावसाळ्यात एक ट्रक कठड्यावर चढला तेव्हा मंडळाने ट्रकचालकावर फेरफाराचा गुन्हा नोंदवायला सांगितलं.

मंगळूचा पत्ता कोणी ठेवला नव्हता. मी दोन वर्षं शोधत होतो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. सरिता म्हणाली, "सापडला तर काय करणार? पुन्हा अहवाल?" २००५ च्या दिवाळीनंतर एका सकाळी तो सापडला. गावाबाहेर, दुसऱ्याच एका रस्त्याला, एका पडक्या पंपघराच्या आडोशाला. ताडपत्री तीच होती. मंगळू एका पोराच्या सायकलीचं पुढचं चाक काढत होता, त्याने मान वर केली नाही.

आणि मागच्या भिंतीवर वाघ होता. असा वाघ मी कधी पाहिला नव्हता. शेंदूर अजून ओला वाटावा असा. चारही पाय हवेत, रस्त्यावर झेप घेत असलेला, आणि डोळे थेट बघणाऱ्यावर रोखलेले. माझा हात आपोआप पिशवीकडे गेला.

लंकाबाई पोत्यावरून उठली. तिने मला ओळखलं होतं. ती वाघाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि तिने पदर दोन्ही हातांनी पसरून धरला. चार हात वाघ तेवढ्या पदरात कुठला झाकायला. पण ती उभी राहिली.

"साहेब, नका."

"लंकाबाई, फोटो नाही काढत. नुसतं बघतो."

"गेल्या टायमाला बी तुम्ही निस्तं बघितलंच व्हतं," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी पिशवीची चेन लावली, मंगळूला नमस्कार केला, त्याने केला की नाही ते बघायला थांबलो नाही, आणि घरी आलो. मी फोटो काढला नाही. एवढी एक गोष्ट मी नीट केली. वहीत नोंदही नाही.

ही सगळी हकीकत मी आमच्या छायाचित्र मंडळींना सांगितली. सगळे हळहळले. एकाने मंडळाला शिव्या घातल्या, एक जण नोकरशाहीवर बोलला, एकाने चष्मा काढून पुसला. चहा झाला. मग जोशात आलेली सगळी मंडळी जवळ सरकली आणि प्रत्येकाने मला एकच गोष्ट विचारली. मंगळूचं बरं चाललंय का, हे नाही. त्याला पुन्हा तिथून कोणी उठवणार नाही ना, हेही नाही.

तुम्हीही ती विचारणार, मला ठाऊक आहे. मघापासून, तो झेप घेणारा वाघ आला तेव्हापासून, ती तुमच्या जिभेवर आहे. पण तुम्ही संवेदनशील वाचक आहात, इथपर्यंत आला आहात, आणि नुसतंच बघणार आहात. मखमलाबाद ओलांडलं की डाव्या हाताला कालवा लागतो. कालव्याकाठी दुसरं पंपघर. सकाळी आठच्या आत जा, त्यानंतर भिंतीवर सावली येते. लंकाबाई तेव्हा पाणी भरायला गेलेली असते.